दुसरा खटका

३ जानेवारी, सोमवार

"काकू, क्रेन थांबली होती ना? मग बाबांना लागलं कशाने?"

वकिलाचा प्रश्न. मी भाजी निवडत होते. म्हटलं — पुस्तकात बघ, असेल त्यात. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी उभीच. सासूबाई बाहेरून — "पाणी फुकट येतं का गं?"

वकील हे भावजींनी पोटच्या पोरीला ठेवलेलं नाव. बोलायला लागली तीच "का?" म्हणून. सगळ्यांची उलटतपासणी घ्यायची, आम्ही हसायचो. भावजींना जाऊन चार महिने झाले. पोरगी नववीत आहे आणि शाळेत नेमका आता गतीच्या नियमांचा धडा सुरू झालाय. धडे काय कमी होते पुस्तकात!

४ जानेवारी, मंगळवार

कारखान्याचा अहवाल मला पाठ आहे. "चालक महिलेने क्रेन पहिल्या खटक्यावर, म्हणजे संथ वेगाने चालवली. मृताने 'थांब' म्हणताच तत्काळ थांबवली. मृत भाराच्या फार जवळ, पत्र्यांच्या चळतीला पाठ लावून उभा होता. सुरक्षित अंतर न पाळल्यामुळे अपघात." चालक महिला म्हणजे मी. मृत म्हणजे माझे दीर. अकरा वर्षं एकाच शेडमध्ये, एकाच पाळीत — मी वर केबिनमध्ये, ते खाली. पत्र्यांच्या गठ्ठ्याला पट्टे लावायचे, हाताने खुणा करायच्या, भारापुढे चालायचं.

त्यात एक गोष्ट खोटी आहे. पहिला खटका.

मी दुसऱ्यावर होते. दुप्पट वेग. माझ्या जबानीत मी पहिला सांगितला आणि त्यांनी तो लिहून घेतला. कुणी पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

लिहिलं एकदाचं. अक्षर बघ कसं आलंय — कोंबडीचे पाय.

पाळीचा शेवटचा भार आम्ही नेहमी दुसऱ्यावर न्यायचो. खाली माणूस असला की पहिलाच, असा नियम. पण शेवटचा भार आमचा! ते खालून दोन बोटं दाखवायचे, मी दांडा आणखी पुढे रेटायची. टोकाला भार झुलला की ते दोन्ही तळवे लावून त्याला थोपवायचे. तीन टन पोलाद! वर बघून म्हणायचे, "वहिनी, लटकलेल्या वस्तूला वजन नसतं." एका बोटाने ढकललं तरी हलतं ना, म्हणून. खाली काम करणारे सगळे असंच मानतात. मीही मानायची. कितीदा केलं असेल, हिशेब नाही. पाळी संपली की त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून घरी.

त्या दिवशी सकाळच्या पाळीने पत्र्यांची चळत नेहमीपेक्षा अलीकडे रचून ठेवली होती. मागे सरकता सरकता त्यांची पाठ तिला लागली. "थांब!" म्हणाले. मी थांबवली. क्रेन थांबली, पण तिच्याखालचा भार पुढे जातच राहिला.

५ जानेवारी, बुधवार

चढले. काम केलं. उतरले. एवढंच.

७ जानेवारी, शुक्रवार

शेडमध्ये मला नवं नाव मिळालंय — गोगलगाय. कारण मी आता सदैव पहिल्यावर. रिकामा हुक परत नेतानाही पहिल्यावर! भावजींच्या जागी आलेला लंबूटांग खालून ओरडतो, "बाई, तुमची क्रेन पोचेपर्यंत मी लग्न करून येतो." सगळे हसतात. मीही हसते. हसायला काय जातं.

केबिनच्या तळाला काच आहे. तिच्यातून खाली बघायचंच असतं, काम आहे. आणि खाली बघितलं की गठ्ठ्याच्या पुढच्या अंगाला दोन तळवे दिसतात — बोटं पसरलेले, धुळीत उमटलेले. प्रत्येक गठ्ठ्यावर. काल शिडी उतरून खाली जाऊन बघितलं. लंबूटांगच्या हातमोज्यांचे डाग होते. वर चढले, बघितलं, तर पुन्हा त्यांचेच हात.

आणि तो धक्का. भार त्यांना चळतीवर दाबून अडला तेव्हा दोरांतून वर केबिनपर्यंत एक बारीकसा धक्का आला होता. कुणीतरी खुर्चीला गुडघा लावावा तेवढाच. तो आता कुठेही बसतो. बसमध्ये, जेवायला बसले की, दात घासताना. मी चमकते आणि जाऊ विचारते, "काय झालं ताई?" काही नाही म्हणते.

९ जानेवारी, रविवार

वकिलाने आज सासूबाईंना पहिला नियम शिकवला. "आजी, थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी चालतच राहते. बाहेरून कुणी बल लावलं तरच बदल होतो. याला जडत्व म्हणतात." सासूबाई म्हणाल्या, "हे तुझ्या काकांकडे बघून कुणीही सांगेल. सुट्टीच्या दिवशी पलंगावरून उठवायला तिघं लागतात." हे घरी नव्हते म्हणून बरं. ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेत, पंधरा तारखेनंतर येतील.

जाऊ शिवणयंत्रावर होती. हल्ली दिवसभर तिथेच असते, घर त्यावर चाललंय. पोरगी म्हणाली, "आई, पाय काढ." तिने पाय काढला. चाक फिरतच राहिलं. सुई दोन-तीन टाके पुढे गेली आणि मग थांबली.

"बघितलंस? तू थांबलीस, मशीन लगेच नाही थांबलं."

जाऊ बराच वेळ चाकाकडे बघत होती. मग कापडातले ते जास्तीचे टाके उसवत बसली. मी तिथून उठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मला विचारा.

१० जानेवारी, सोमवार

पोरीला अर्धं उत्तर मिळालंय. क्रेन थांबली तरी भार का थांबला नाही, हे तिला कळलं. शाळेतून आल्या आल्या मलाच सांगितलं. मला!

१३ जानेवारी, गुरुवार

तिसरा नियम. आपण एखाद्या वस्तूला जेवढ्या जोराने ढकलतो, तेवढ्याच जोराने ती आपल्याला उलट ढकलते.

काल पोरगी जेवता जेवता थांबली. "म्हणजे बाबांनी हात लावून जेवढं ढकललं, तेवढंच त्यांना परत मिळालं? त्यांनी ढकललंच नसतं तर?"

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. जाऊ म्हणाली, "जेव आधी."

आज शाळेतल्या बाईंना विचारून आली. बाई म्हणाल्या, तसं नसतं. त्यांनी ढकललं ते भारावर, भाराने ढकललं ते त्यांच्यावर. दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर, एकमेकांची फिटंफाट होत नाही. त्यांनी हात लावल्यामुळे भार थोडा हळूच झाला असणार. म्हणजे शेवटच्या क्षणीसुद्धा ते मलाच मदत करत होते! हे पोरगी नाही म्हणाली. हे मी म्हणतेय.

दुसरा नियमही समजावला तिने. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. थांबवायचा असतो तो संवेग. जितक्या कमी वेळात थांबवाल तितकं जास्त बल. "भार लटकला म्हणून वजन जात नाही, काकू. वजन दोरांनी पेललेलं असतं. पण वस्तुमान आहे तिथेच असतं. बोटाने ढकललं की हलतो खरा, पण किती हळू! आणि एकदा हलला की तेवढ्याच सावकाश थांबवावा लागतो."

ती झोपायला गेल्यावर मी तिची वही घेऊन हिशेब केला. तीन हजार किलो. पहिल्या खटक्याचा वेग मिनिटाला वीस मीटर, म्हणजे सेकंदाला एक-तृतीयांश. गुणाकार — एक हजार. दुसऱ्यावर दोन हजार. पान फाडून घेतलं आणि खाल्लं असतं तर बरं झालं असतं, पण खिशात ठेवलं.

१५ जानेवारी, शनिवार

आज जावेने कपाटातून अहवाल काढला. इतके दिवस मला वाटायचं, तो ती वाचतही नसेल. "सुरक्षित अंतर न पाळल्यामुळे" याखाली तांबड्या पेन्सिलीच्या इतक्या रेघा आहेत की कागद फाटायला आलाय. सोबत फेरचौकशीचा कोरा अर्ज. महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. मला म्हणाली, "ताई, कागदावर हे बेपर्वा म्हणून राहिले तर पोरीला आयुष्यभर तेच ऐकावं लागेल. गेलेलं माणूस परत येत नाही, पण नाव तरी परत आणू." मग हळूच, "तुम्ही वरून बघितलंत. तुम्हीच सांगा, इतके जवळ उभे होते का हो ते?"

"मला नीट दिसलं नाही," म्हटलं. काचेतून सगळं दिसतं. मुंगीसुद्धा दिसते.

पोरीने अहवालातली आकृती वहीत उतरवून घेतली. भार शांत होऊन लटकला तेव्हा तो आणि चळत यांच्यामध्ये दोन फूट अंतर मोजलेलं आहे. "माणूस एक फूट धरू," ती म्हणाली. पेन्सिलीने मधे एक चौकोन काढला आणि आत लिहिलं — बाबा. "राहिला एक फूट. म्हणजे भार एक फुटाहून जास्त झुलला असेल तरच लागेल. पहिल्या खटक्यावरून थांबवला तर किती झुलतो काकू?"

"मोजलं नाही कधी."

"मग मोजू या. बाई म्हणतात, झोका किती जाईल ते दोराच्या लांबीवर आणि वेगावर ठरतं. वजनाने फरक पडत नाही. तीन टन असो की तीन किलो."

मी "बघू" म्हटलं.

१६ जानेवारी, रविवार

केलं. केलं आज.

आमच्या मजल्यावरची गॅलरी लांब आहे. खाली अंगणात फरशी. पंधरा-सोळा फुटांची दोरी, खाली वाळूची पिशवी — शेडमधल्या दोराएवढीच लांबी. दोरीचं टोक माझ्या मुठीत, मूठ कठड्यावरून सरकवायची. ते काम मलाच येणार. चालू करताना भार मागे ओढला जातो, त्याला हळूहळू हाताखाली आणायचं असतं. मग तो सरळ, शांत, आपल्याबरोबर चालतो. अकरा वर्षं तेच केलंय. पोरगी म्हणालीच, "तुझा हात पक्का आहे म्हणून."

कठड्यावर शेवटच्या मीटरला तिने खडूने दोन रेघा मारल्या. पहिल्या खटक्याचा वेग म्हणजे एक मीटरला तीन सेकंद. मी मोठ्याने मोजायचं — एक, दोन, तीन — आणि गप्पकन थांबवायचं. ती खाली उभी. पिशवी शेवटी जिथे शांत लटकेल त्याच्या पुढे एक फुटावर फरशीवर रेघ. पिशवी रेघेपर्यंत पोचली तर अहवाल खरा. नाही पोचली तर पहिला खटका खोटा.

जाऊ दारात येऊन उभी राहिली.

मी चालू केलं. भार हाताखाली आला. इतका छान आला! पहिली खडूची रेघ आली आणि मी — "एकदोनतीन" — अशी मोजत सुटले. मूठ पळाली. थांबवली. पिशवी पुढे गेली, रेघ ओलांडून आणखी अर्धा फूट गेली, परत आली.

"पुन्हा," पोरगी खालून म्हणाली.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. एकदा चुकून होतं, दोनदा घाबरून होतं. तिसऱ्यांदा काय म्हणायचं?

पोरगी वर आली. धापा टाकत होती. वहीत काहीतरी लिहिलं, मिटली. आईला म्हणाली, "पोचतो. हळू चालवली तरी पोचतो." जावेने मान हलवली. "म्हणजे चुकलेच ते." थोड्या वेळाने, "राहू दे मग तो अर्ज." आणि आत जाऊन मशीनवर बसली. मशीनचा आवाज काही आला नाही.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं होतं. त्यांच्यातली एक या घरात राहते, स्वयंपाक करते आणि डबा घेऊन कामाला जाते.

१७ जानेवारी, सोमवार

हे आले फेरीवरून. भावाच्या फोटोसमोर उभे राहिले. म्हणाले, "अर्ज रद्द केला ते बरं झालं. झाकली मूठ." माझी मूठ!

२० जानेवारी, गुरुवार

सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेले. दार लोटून आत गेले आणि उभ्या उभ्या म्हटलं, "साहेब, तो पहिला खटका नव्हता, दुसरा होता."

त्यांनी आधी दार लावलं. मग पाणी दिलं. "बाई, चार महिने झाले. फाईल बंद झाली. तुमच्या मनावर परिणाम झालाय, साहजिक आहे. आठवणी अशाच गोंधळतात. आठ दिवस सुट्टी घ्या." मी पुन्हा म्हटलं. मग त्यांचा आवाज बदलला. "दुसरा म्हणालात तर तुमचं चालकपत्र जाईल, मग चौकशी, मग आणखी काय काय. घरचा एक गेला, दुसऱ्याला कशाला घालवता?"

बाहेर आले तेव्हा पाय हलके होते. सुटले! असं खरोखर वाटलं. पुरती दहा पावलं वाटलं. मग फाटकाजवळ तो धक्का बसला, एवढ्या जोरात की मी खांब धरला. वॉचमन म्हणाला, "चक्कर आली का बाई?"

२३ जानेवारी, रविवार

पोरगी माझ्याशी नेहमीसारखी वागते. "काकू, नीट जा." "काकू, तुझी छत्री." जाऊ रोज माझा डबा भरते. झाकण घट्ट बसत नाही म्हणून काल त्याला रबर लावून दिला. एखादी वाकडं बोलली असती तर सोपं गेलं असतं.

आज पोरीने बाबांचे बूट स्वच्छ केले आणि पिशवीत घालून माळ्यावर टाकले. इतके दिवस दाराशी असायचे. विचारलं तर म्हणाली, "अडखळायला होतं."

२५ जानेवारी, मंगळवार

पाळी संपत आली होती. शेड रिकामी, लंबूटांग चहाला गेलेला, हुकाला तीन टनांचा गठ्ठा. दांडा हातात होता. पहिला खटका. मग दुसरा. चार महिन्यांनी पहिल्यांदा. ती ओळखीची घरघर आली आणि मी गप्पकन थांबवला.

काचेतून बघितलं. भार पुढे गेला. शांतपणे, काही घाई नाही. जणू त्याला कुणी अजून सांगितलंच नाही की आपण थांबलोय. टोकाला गेला. तिथे कुणी नव्हतं. तळवे नव्हते. थोपवायला कुणीच नाही म्हटल्यावर तो परत आला, पुन्हा गेला, परत आला. किती वेळ! मी त्याच्यामागे क्रेन नेऊन झोका थांबवू शकत होते. ते माझं कामच आहे. नाही थांबवला. तो आपला आपण थांबेपर्यंत बघत बसले.

तेव्हा कळलं. कागद थांबला, अधिकारी थांबला, फाईल थांबली, अर्ज थांबला. पण मी त्या दिवशी दांडा रेटून जे सोडलं ते चालूच आहे. आता ते पोरीकडे चाललंय. तिच्यापर्यंत पोचायच्या आत मधे कुणीतरी हात लावायला हवा, आणि या वेळी खाली भावजी नाहीत.

२८ जानेवारी, शुक्रवार

रविवारी सांगणार. आधी पोरीला. तिच्या वहीत मी खोटं लिहायला लावलंय, म्हणून तिला आधी. मग जावेला. मग साहेब ऐकोत न ऐकोत, लेखी.

भीती वाटते. नोकरीची नाही — म्हणजे तीही आहेच. पण खरी भीती त्या पोरीच्या तोंडाची. ती माझ्याकडे कशी बघेल ते मला आधीच दिसतंय आणि काचेसारखं लख्ख दिसतंय.

३० जानेवारी, रविवार

सांगितलं. गॅलरीत, तिच्या अभ्यासाच्या वेळी. दुसरा खटका, जबानी, पळवलेली मूठ, सगळं.

तिने मान वर केली नाही. "दीड सेकंद," म्हणाली. "मी खालून मोजत होते. तिन्ही वेळा दीड. त्याच रात्री आईला सांगितलं."

जाऊ आतून आली. हातात फेरचौकशीचा अर्ज, पूर्ण भरलेला, तारीख सतराची. साक्षीदार म्हणून तिने माझं नाव लिहून ठेवलं होतं. सहीची जागा तेवढी मोकळी होती.